एअर रायफलचा ग्रुप फुटतोय? बॅरलवर आळ घेण्याआधी हे तपासा

दहा मीटरच्या रेंजवर हे गाऱ्हाणं वर्षभर चालू असतं, पावसाळ्यात जरा जास्तच. परवापर्यंत दहाच्या दहा गोळ्या एकाच भोकात घालणारी रायफल अचानक पसरवायला लागते, म्हणजे ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) फुटतो. नेमबाज कोच बदलून बघतो, होल्ड (रायफल धरायची ढब) बदलून बघतो, जॅकेटचे पट्टे ओढून बघतो, आणि शेवटी कुणीतरी निकाल देऊन टाकतं: ‘बॅरल गेलं.’ तिथून पुढे नव्या बॅरलचं कोटेशन यायला वेळ लागत नाही.

बहुतेक वेळा ही चोर सोडून संन्याशाला फाशी असते. काडतुसाच्या रायफलीचं बॅरल झिजतं, कारण जळत्या बारुदाचा तापलेला वायू नळीच्या सुरुवातीचा भाग दर गोळीला थोडाथोडा खात जातो. एअर रायफलीत ना जाळ ना बारूद. अर्ध्या ग्रॅमचं मऊ शिसं सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने पोलादातून जातं, एवढंच. त्याने पोलादाचं फारसं काही बिघडत नाही. एअर रायफलीच्या बॅरलला मारतो तो माणूस: चुकीचा ब्रश घालून, तोंडाशी आपटून, नाहीतर दमट कपाटात गंज चढू देऊन. म्हणून खालच्या यादीत बॅरल अगदी शेवटी आहे, आणि त्याच्या आधीच्या बहुतेक तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

हे सगळं ४.५ मिमीच्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच (स्पर्धेच्या) एअर रायफलीसाठी आहे. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीसाठी शेवटी वेगळा भाग आहे. काडतुसाच्या रायफलीला यातलं काहीही लागू करू नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, ती ५० मीटरची रायफल .२२ ची, म्हणजे अग्निशस्त्र. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये अग्निशस्त्र बनवणं, विकणं यांच्यासोबत दुरुस्ती आणि चाचणी हे शब्दही स्पष्ट आहेत, आणि त्यासाठी परवाना लागतो. तेव्हा काडतुसाच्या रायफलीचं बॅरल घरी काढणं-बसवणं आणि मळ्यात जाऊन उडवून बघणं, हा विषय इथे नाही. तिथे पहिली पायरीही परवानाधारक गनस्मिथ आणि शेवटचीही तोच.

आधी लक्षण नीट वाचा

‘ग्रुप बिघडला’ या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. दहा-दहा गोळ्यांचे किमान तीन कागद मारा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एका कागदावर निदान करू नका, पाच गोळ्यांवर तर नकोच. पाच गोळ्या नशिबानेही एका भोकात जातात.

मोजायचं कसं, तेही ठरवून घ्या. दहा मीटरच्या कागदावर मधला ठिपका, म्हणजे दहाचं वर्तुळ, जेमतेम ०.५ मिमीचा असतो. दशांशाच्या गुणांकनात प्रत्येक दशांश ०.२५ मिमीचा: पेलेटचं (शिशाच्या गोळीचं) केंद्र मध्यापासून ०.२५ मिमीच्या आत असेल तर १०.९, ०.५० च्या आत १०.८, आणि २.५ मिमीपर्यंत १०.०. ग्रुपची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरेल ते केंद्र ते केंद्र अंतर. नीट टेकवून मारलेल्या दहा गोळ्यांत हे अंतर दीड मिमीच्या आसपास असेल तर रायफल ठणठणीत आहे आणि दोष टेकूच्या मागच्या माणसात शोधायचा. तीन मिमीच्या पुढे सातत्याने जात असेल तर पुढे वाचा.

आता आकार बघा.

ग्रुप घट्ट आहे पण अख्खाच्या अख्खा सरकलाय: साइट, पुढची नळी किंवा उजेड. रायफल बिघडलेली नाही. बीजिंगला २००८ मध्ये फायनलच्या आधीच्या साइटर्समध्ये (गुण न धरता मारायच्या चाचणी गोळ्यांत) अभिनव बिंद्राच्या गोळ्या भलतीकडे जाऊ लागल्या होत्या, त्याने साइटचे क्लिक फिरवून त्या जागेवर आणल्या आणि सुवर्ण जिंकलं. सरकलेला ग्रुप क्लिकने परत येतो, फुटलेला ग्रुप कितीही क्लिक फिरवले तरी येत नाही. हा फरक न ओळखता क्लिक फिरवत बसणारे दोन आजार करून ठेवतात.

ग्रुप उभा लांबलाय: वेग कमीजास्त होतोय. हवा, रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग), हवा अडवणारं रबरी सील.

ग्रुप आडवा लांबलाय: रायफल कलंडते आहे किंवा काहीतरी सैल आहे. दहा मीटरवर पेलेट सुमारे १६-१७ मिमी खाली पडतो, त्या हिशोबाने रायफल एक अंश कलली तर गोळी साधारण ०.३ मिमी बाजूला जाते. तीन अंशांची सवय लागली की जवळजवळ एक मिमी गेला.

आठ गोळ्या एका भोकात आणि दोन भटकलेल्या: पेलेट. दहापैकी नऊ वेळा पेलेट.

दर विश्रांतीनंतरची पहिली गोळी वेगळ्या उंचीवर: रेग्युलेटर.

ग्रुप सगळीकडून गोल सुजलाय: यात काहीही असू शकतं. इथे यादी पहिल्यापासून धरा.

पहिलं: स्क्रू (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

लिव्हर उघडा, ब्रीचमध्ये (पेलेट भरायच्या जागेत) पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, सिलिंडर काढून बाजूला ठेवा. हे दर वेळी. ‘आत्ताच तर रिकामी केली’ म्हणून नाही चालत.

स्टॉकला यंत्रणा धरून ठेवणारे स्क्रू, मागच्या साइटचा क्लॅम्प, पुढच्या साइटचा क्लॅम्प, वजनं आणि गाल टेकायचा चीकपीस असं क्रमाने बघा. ॲलन की लावून हलकेच ताण द्यायचा, बदाबदा आवळायचं नाही. ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये जास्त आवळलं तर आटे जातात आणि दोन स्क्रूंवर ताण असमान झाला तर ग्रुप आणखी बिघडतो. रायफलीच्या पुस्तिकेत टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा असतो, तोच लावा. टॉर्क रेंच रेंजवर कुणाकडे तरी असतोच.

एक जागा नेहमी सुटते. बऱ्याच मॅच रायफलींत खरं बॅरल आखूड असतं आणि पुढचा भाग ही नुसती पोकळ नळी असते, साइट लांब न्यायला बसवलेली. ती नळी केसभर सैल झाली तरी पुढची साइट हलते आणि अख्खा ग्रुप फिरतो. साइट बोटांत धरून हलकेच पिळून बघा. हलली तर सापडला. त्या नळीत आतून टॉर्चही मारून बघा: सफाईच्या फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) तुकडे आणि शिशाची भुकटी तिथे साचते, आणि उडत्या पेलेटला एखादा तुकडा चाटून गेला की गोळी कुठेही जाते.

सगळं आवळून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपेंटची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे ॲलन की न लावताच कळतं. या उपायाला दहा रुपयेही लागत नाहीत, आणि तरी शंभरातल्या नव्वद रायफलींवर ही रेघ दिसत नाही.

दुसरं: पेलेट

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फुकटचे खर्च पेलेटकडे न बघितल्याने होतात.

पेलेटच्या डब्यावर दोन गोष्टी वाचा: हेडचा, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा, व्यास (४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे) आणि बॅच क्रमांक. कंपनी तीच, नाव तेच, वजन तेच ०.५३ ग्रॅम, पण बॅच बदलला की दुसऱ्या साच्यातलं शिसं येतं. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. एकीला ४.४९ मानवतो, तिच्याच बहिणीला ४.५१. नवा डबा उघडल्यापासून ग्रुप फुटला असेल तर पुढची एकही तपासणी करण्याआधी जुन्या डब्यातले उरलेले वीस पेलेट मारून बघा. ते एका भोकात गेले तर प्रश्न संपला, रायफल पिशवीत ठेवा आणि दुकानात जा. म्हणूनच चांगला बॅच संपेपर्यंत त्यातले पन्नास पेलेट राखून ठेवायचे असतात. पुढे कधीही शंका आली तर तीच तुमची मोजपट्टी.

डब्यातले पेलेट काचेवर ओता आणि उजेडात बघा. मागचा स्कर्ट म्हणजे पातळ शिशाची घागऱ्यासारखी कड. ती चेपलेली असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि पेलेट नळीतून तिरका निघतो. काच किंचित कलती करून पेलेट लोळवला तर चांगला पेलेट सारख्या कमानीत फिरतो, चेपलेला गचके खात जातो. डबा एकदा जमिनीवर पडला असेल तर तो सरावाचा डबा, स्पर्धेचा नाही.

पेलेट वजनकाट्यावर निवडत बसणं मात्र सोडून द्या. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूत दोन टक्क्यांपेक्षा बारीक फरक दाखवूच शकत नाही. त्यात फक्त अगदीच भलता पेलेट सापडेल, आणि तो डोळ्यांनाही दिसतो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर डबा उघडा राहिला तर शिशावर पांढुरकी भुकटी धरते. ती भुकटी नळीत जाते आणि हातालाही लागते. असे पेलेट पुसून वापरू नका, टाकून द्या. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट कडक.

भरतानाही बघा. पेलेट बोटाने सरळ बसवा, तिरका ठेवून लिव्हरने ढकलू नका. लिव्हर बंद करताना नेहमीपेक्षा जड लागलं तर स्कर्ट चेपला असं समजा, आणि ती गोळी साइटरमध्ये घालवा.

तिसरं: हवा

सिलिंडरच्या घड्याळाचा काटा बघा. सिलिंडरमधली २०० बारची हवा आधी रेग्युलेटरमध्ये येते, तो ती ठरावीक कमी दाबावर आणून ठेवतो, आणि तेवढीच हवा दर गोळीला पेलेटमागे जाते. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली घसरला की वेग पडायला लागतो आणि ग्रुपची शेपटी खाली लोंबते. वेग सेकंदाला १७२ मीटरवरून १६९ झाला तर दहा मीटरवर गोळी साधारण ०.६ मिमी खाली बसते, म्हणजे दोन-अडीच दशांश गेले. नेमकी खालची मर्यादा पुस्तिकेत असते. सोपा नियम: काटा १०० च्या खाली गेला की भरून घ्या आणि मगच ग्रुपबद्दल बोला.

गळती बघायची असेल तर रात्री काट्याचा फोटो काढून ठेवा, सकाळी दुसरा काढा. सिलिंडर एकदा रायफलीला जोडून आणि एकदा काढून, अशा दोन रात्री. जोडलेला असतानाच उतरत असेल तर रायफलीतलं सील किंवा सांध्याची ओ-रिंग (रबरी कडी). काढून ठेवलेला असतानाही उतरत असेल तर सिलिंडरचाच व्हॉल्व्ह. मात्र भरल्या भरल्या सिलिंडर गरम असतो आणि निवला की दाब आपोआप थोडा उतरतो. ती गळती नव्हे. म्हणून सावकाश भरायचं आणि तासाभराने काटा वाचायचा.

सांध्याची ओ-रिंग चिरलेली किंवा चपटी झालेली दिसली तर त्याच मापाची, कंपनीच्या किटमधली नवी बसवा, सिलिकॉन ग्रीसचा बोटभर नव्हे, नखभर हात फिरवून. गाडीचं ग्रीस, मशीन ऑइल, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही हवेच्या मार्गात जाता कामा नये. दाबाखालच्या हवेत पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं. याच कारणाने सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. वेल्डिंगच्या दुकानातला बाटला दिसायला सारखाच असतो, म्हणून हे लिहावं लागतं.

पावसाळ्यात हवेतलं पाणीही आत जातं. हातपंपाने भरणाऱ्यांचं जास्त. ते पाणी रेग्युलेटरमध्ये जाऊन बसतं आणि वेग वरखाली करतं. भरण्याआधी मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून भरायच्या नळीतला ओलावा बाहेर घालवा, पंपाचं कोरडं फिल्टर बदलत जा.

आणि सिलिंडरवरची तारीख वाचा. साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि स्पर्धेत ती बघण्याची जबाबदारी नेमबाजाची. मुदत संपलेला, आपटलेला, खड्डा पडलेला सिलिंडर भरू नका, उघडू नका, कुणाला ‘सरावापुरता’ देऊ नका. इथे दुरुस्ती नाही, बदली आहे.

चौथं: सफाई, पण बेताने

नळीत शिसं साचलं की ग्रुप हळूहळू गोल सुजत जातो, एका दिवसात नाही. उपाय साधा: ४.५ मिमीचे कोरडे फेल्ट पेलेट, दोन-दोन एकत्र भरून, काळे निघायचे थांबेपर्यंत मारा. किंवा ओढून काढायची दोरी आणि कापडाचा तुकडा, ब्रीचकडून तोंडाकडे. उलटं ओढलं तर सगळा मळ ट्रान्सफर पोर्टमध्ये (हवा नळीत यायच्या वाटेत) आणि सीलवर येऊन बसतो.

पितळी ब्रश नको, पोलादी सळई नको, काडतुसाच्या बंदुकीचं सॉल्व्हंट नको. ते सॉल्व्हंट बारुदाची काजळी आणि तांबं काढायला असतं. इथे दोन्ही नाही, आणि रबरी सील मात्र त्याने फुगतं. सफाईनंतरच्या पहिल्या दहा-वीस गोळ्या भटकतात, कारण नळीला शिशाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. स्पर्धेच्या सकाळी नळी साफ करून आलेला मुलगा आणि मग त्याचं पडलेलं तोंड, हे दृश्य दर स्पर्धेला ठरलेलं. पाचशेच्या डब्यामागे एकदा सफाई पुरते.

याच वेळी ॲब्सॉर्बर (धक्का शोषणारा भाग) असलेल्या रायफलीत त्याचं वजन मोकळं सरकतंय का बघा. धूळ आणि जुनं ग्रीस मिळून ते चिकटतं, मग धक्का दर गोळीला वेगळा लागतो.

पाचवं: टेकवून चाचणी

आतापर्यंत काही सापडलं नसेल तर माणूस आणि रायफल वेगळी करायची. शक्यतो रेंजवरच. घरी दहा मीटरची मोकळी, बंद करता येणारी जागा असेल तरच, आणि या अटींवर: गोळीच्या वाटेवर दार नाही, असेल तर आतून कडी. मागे पेलेट ट्रॅप; पोलादी पत्रा असेल तर खाली कलता, सरळ उभा नाही, कारण सरळ पत्र्यावरून शिशाचे कण डोळ्यांकडे परत येतात. प्लायवूडच्या फळीने भागत नाही, एकाच जागी दहावीस गोळ्या बसल्या की आरपार जातं. खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण शेजाऱ्याच्या गॅलरीत गेलेल्या गोळीचा जबाब द्यावाच लागतो.

भक्कम टेबल, पुढे वाळूची पिशवी, मागे छोटी पिशवी. टेकू स्टॉकच्या पुढच्या भागाखाली. बॅरल किंवा सिलिंडर कशालाही टेकता कामा नये, नाहीतर टेकूचाच ग्रुप मोजला जाईल. पेलेट बदलला की पहिल्या पाच गोळ्या मोजायच्या नाहीत. मग दहा, दहा, दहा. प्रत्येक कागदावर तारीख, बॅच, हेडचं माप आणि सुरुवातीचा दाब लिहा.

टेकवून घट्ट आणि उभ्याने सैल: रायफल निर्दोष. दोन्हीकडे सैल: अजून दोन बॅचचे पेलेट घेऊन हेच परत. तीन बॅच, तिन्ही सैल, तरच पुढे जा.

सहावं: क्रोनोग्राफ, भिंग आणि टिश्यू

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मित्राकडून किंवा क्लबमधून मागून आणा. दहा गोळ्यांत सर्वात जास्त आणि सर्वात कमी वेगात तीनेक मीटरचा फरक असेल तर हवेची बाजू सुटली. फरक सहा-आठ असेल, किंवा वेग दर गोळीला थोडा थोडा घसरत असेल, तर रेग्युलेटर किंवा सील. मग एक युक्ती: पाच गोळ्या मारा, दहा मिनिटं रायफल तशीच ठेवा, पुन्हा पाच. विश्रांतीनंतरची पहिली दर वेळी वेगळी येत असेल तर रेग्युलेटर बसल्या जागी दाब धरून ठेवत नाहीये.

ब्रीचचं सील बघायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी सांध्याजवळ धरून (बोटं लांब ठेवून) गोळी मारा. पट्टी फडफडली तर हवा तिथून निसटतेय. पुस्तिकेत ती ओ-रिंग मालकाने बदलायच्या यादीत असेल तर बदला, लाकडी टूथपिकने काढा, सुईने नाही. खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल.

शेवटी क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कड. पेलेट नळी सोडतो त्या क्षणी हवा चारी बाजूंनी सारखी सुटायला हवी. कडेला एक बारीक खड्डा असेल तरी एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला धक्का बसतो. दहा पट भिंगाने बघा. मग कोरडा इअरबड आतल्या कडेवरून हळू गोल फिरवा. कापसाचे तंतू एकाच जागी अडकत असतील तर तिथे बोच आहे. ती घासून काढायला जाऊ नका. पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला पितळी स्क्रू असले इलाज सुचवणारे भेटतील. हाताने केलेलं क्राऊन एका बाजूला झुकतं, आणि मग खरोखरच बॅरल जातं.

इथे थांबायचं

पुढच्या कुठल्याही गोष्टीला घरी पाना लावायचा नाही.

रेग्युलेटर उघडणं. आत दाब उरलेला असू शकतो आणि भाग तोंडावर उडतो.

ट्रिगर युनिटची आतली जुळणी. चुकलं तर रायफल आपोआप सुटते.

क्राऊनवर काम, बॅरल काढणं-बसवणं. मॅच रायफलीत बॅरलचं छिद्र ट्रान्सफर पोर्टसमोर नेमकं यावं लागतं आणि क्लॅम्पचे स्क्रू ठरल्या क्रमाने, ठरल्या टॉर्कवर. अर्धा मिमी चुकलं तर नव्या बॅरलचाही ग्रुप फुटेल आणि दोष बॅरलवरच येईल.

आणि एक तातडीचं: आवाज दबका आला आणि कागदावर भोक नाही, तर पुढचा पेलेट भरू नका. पेलेट नळीत अडकलाय. सिलिंडर काढा, ब्रीच उघडा, प्लास्टिकचं आवरण असलेल्या नळीभर जाडीच्या सळईने तोंडाकडून ब्रीचकडे हलकेच ढकला. हलला नाही तर ठोकू नका, तसाच घेऊन जा. एकामागे एक चार पेलेट ठासलेली रायफल सर्व्हिसला येते तेव्हा पहिला पेलेट कधीचा गुन्हेगार असतो.

स्प्रिंगच्या रायफलीचं वेगळं

वरच्यातलं स्क्रू, पेलेट, क्राऊन हे सगळं तिलाही लागू. स्क्रू तर जास्तच, कारण तिचा पिस्टन दर गोळीला दोन दिशांनी धक्का देतो. दर शंभर गोळ्यांनी स्टॉकचे स्क्रू बघावेत. नळी मोडायच्या सांध्यात आडवी हालचाल आहे का ते नळी बंद करून, तोंड धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. ती पकडायची सैल हाताने. घट्ट आवळून धरली तर ग्रुप फुटतोच आणि लोक स्प्रिंग बदलतात. रिकामी उडवायची नाही, कारण पेलेटचा अडथळा नसला की पिस्टन थेट धातूवर आपटतो. एकटा फेल्टही याच कारणाने नको.

वेग एकदम पडला आणि कॉक करताना (स्प्रिंग ताणताना) खरखर लागत असेल तर स्प्रिंग तुटली असेल. ती आत ताणातच बसवलेली असते. शेवटचा स्क्रू काढताना ती मागचं बूच गोळीसारखं फेकते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर उघडू नका.

सर्व्हिसला देताना

नुसतं ‘ग्रुप येत नाही’ सांगू नका. ते तीन कागद, पेलेटचे बॅच, क्रोनोग्राफचे आकडे आणि दोन रात्रींचे काट्याचे फोटो सोबत द्या. कारागिराचा अर्धा दिवस वाचतो, आणि ‘बॅरलच बदला’ म्हणायला त्यालाही जरा विचार करावा लागतो.

बॅरल खरंच बदललं तर परत घेताना क्लॅम्पमध्ये धरून मारलेला टेस्ट कागद मागा, त्यावर पेलेटचा बॅच आणि वेग लिहिलेला. जुन्या बॅरलला आवडणारा पेलेट नव्याला आवडेलच असं नाही, तेव्हा तीन-चार हेड मापं नव्याने मारून बघावी लागतील. आणि जुनं बॅरल मागून घ्या. घरी आणून त्याच्या तोंडावरून इअरबड फिरवा. तंतू अडकले तर त्या बोचेची जागा बघून ठेवा. ती बहुतेक त्याच बाजूला असेल ज्या बाजूने रायफल केसमधून काढताना झिपच्या लोखंडी टोकावर घासते.